ऋण उत्तराची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, मुंबईच्या एका रुग्णालयात पेट स्कॅनसाठी घेऊन गेलो होतो. गाठ काढून झाली होती, औषधे चालू होती. आजार आणखी कुठे दडून बसला आहे का, एवढेच पाहायचे होते. सुई टोचण्याआधी तिथल्या मुलीने समजावून सांगितले, "मावशी, ही एक प्रकारची साखरच आहे. तिच्यातून पॉझिट्रॉन निघतात आणि त्यावरून आम्हाला फोटो मिळतो." आपाने माझ्याकडे पाहिले. "तू पेपरात लिहितोस ना रे? काय असतं ते?"

मी कला शाखेचा पदवीधर. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक उघडले ते मुलांचा अभ्यास घेतानाच. पण शब्द ओळखीचा होता. पॉझिट्रॉन हा प्रतिद्रव्याचा कण, आणि प्रतिद्रव्याबद्दल आजवर जे वाचले होते ते सगळे विजेबद्दल. चिमूटभरात शहर उजळेल, यान ताऱ्यांपर्यंत जाईल, वगैरे. इंजेक्शननंतर तासभर तिने न बोलता पडून राहायचे होते, म्हणून माझी तात्पुरती सुटका झाली. उत्तर शोधायला मात्र बरेच दिवस लागले.

शाळेत वयाची गणिते असत. समीकरण सोडवले की दोन उत्तरे यायची. मुलाचे वय बारा किंवा उणे आठ. गुरुजी म्हणायचे, वय ऋण नसते, ते उत्तर सोडून द्या. आम्ही सोडून देत असू. १९२८ साली केंब्रिजमधल्या पॉल डिरॅक नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने इलेक्ट्रॉनसाठी एक समीकरण मांडले, तेव्हा त्याच्याही पदरात अशी जास्तीची उत्तरे पडली. त्यांत ऊर्जा उणे येत होती. त्याने ती सोडून दिली नाहीत.

डिरॅक फार अबोल माणूस. तासाला एक शब्द म्हणजे एक 'डिरॅक', असे माप त्याच्या सहकाऱ्यांनी गमतीने ठरवले होते. कवितेवरही त्याचा राग होता. विज्ञानात जे कुणालाच ठाऊक नाही ते सर्वांना कळेल असे सांगायचे असते आणि कवितेत नेमके उलटे, असे तो कविता करणाऱ्या ओपेनहायमरला म्हणाला, अशी आठवण सांगतात. एक कवी म्हणून मला हे लागायला हवे. पण उणे उत्तराला तीन वर्षे चिकटून बसणारा माणूस मला आपल्याच जातकुळीतला वाटतो. आधी त्याला वाटले, हा ऋण ऊर्जेचा घोळ म्हणजे प्रोटॉन असावा. ते जमेना, कारण प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड. अखेर १९३१ साली त्याने लिहून टाकले की इलेक्ट्रॉनइतक्याच वजनाचा, पण धन विद्युतभाराचा, कुणीही न पाहिलेला एक कण असला पाहिजे.

२ ऑगस्ट १९३२ रोजी कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसनला तो दिसला. तो डिरॅकचे भाकीत तपासायला बसला नव्हता, आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचे फोटो घेत होता. बाष्पाने भरलेल्या कोठीतून कण गेला की मागे थेंबांची रेघ उमटते आणि चुंबकामुळे ती वाकते. ही रेघ इलेक्ट्रॉनसारखीच बारीक होती, पण वाकली होती उलटीकडे. इलेक्ट्रॉनच खालून वर गेला असेल तर? म्हणून कोठीत मधोमध सहा मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा ठेवला होता. पत्रा ओलांडताना कणाचा वेग कमी होतो, रेघ जास्त वाकते आणि दिशा कळते. शंकेला जागा उरली नाही. फ्रान्समध्ये जोलिओ-क्यूरी दांपत्याच्या फोटोंतही अशा रेघा आल्या होत्या, पण त्यांनी त्यांचा अर्थ वेगळा लावला. ऋण उत्तर सोडून देणारे सगळीकडेच असतात. डिरॅकला १९३३ साली नोबेल मिळाले, अँडरसनला १९३६ साली.

या गोष्टीत आपल्या मुंबईचाही एक माणूस आहे. होमी भाभा १९२७ साली अभियांत्रिकी शिकायला केंब्रिजला गेले आणि डिरॅकची व्याख्याने ऐकता ऐकता भौतिकशास्त्राचे झाले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे गणित त्यांनी मांडले, ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. 'भाभा स्कॅटरिंग' या नावाने ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. पुढे १९५४ साली अमेरिकेने डिरॅकला व्हिसा नाकारला. तेव्हा तो भारतात आला आणि मुंबईत भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याने व्याख्याने दिली.

आता विजेकडे वळू. प्रतिद्रव्याचा कण आपल्या जोडीच्या कणाला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या सगळ्या वस्तुमानाची ऊर्जा होते. कोळशात, पेट्रोलमध्ये, अणुभट्टीतही वस्तुमानाचा अगदी छोटा अंश ऊर्जा होतो. इथे काहीच शिल्लक राहत नाही. एक ग्रॅम प्रतिद्रव्य आणि एक ग्रॅम साधे द्रव्य मिळून सुमारे ५ कोटी युनिट. कोयनेचे १९६० मेगावॉटचे सगळे संच चोवीस तास पूर्ण ताकदीने चालले तरी युनिटे होतात ४ कोटी ७० लाख. हा हिशेब खरा आहे आणि त्यानेच लोकांना भुरळ घातली. ऑयगेन झेंगर या अभियंत्याने १९५० च्या दशकात त्यावर चालणाऱ्या यानाची कल्पना मांडली, 'स्टार ट्रेक' मालिकेने १९६६ पासून ते यान घरोघरी पोचवले. डॅन ब्राऊनच्या २००० सालच्या कादंबरीत तर पाव ग्रॅम प्रतिद्रव्य चोरीला जाते.

पण घरात पाण्याची टाकी आहे म्हणजे विहीर आहे असे नाही. कोळसा खणून काढता येतो, पाऊस धरणात येऊन पडतो. प्रतिद्रव्याची खाण कुठेच नाही. विश्व जन्मले तेव्हा द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ सारखेच होते, त्यांनी एकमेकांना संपवले आणि जे किंचित द्रव्य उरले ते आपण. ते का उरले, हे कोडे अजून सुटलेले नाही. दूर कुठे प्रतिद्रव्याचे तारे असू शकतील, असे डिरॅक नोबेलच्या व्याख्यानात म्हणाला होता. आजवर एकाचाही मागमूस लागलेला नाही. म्हणजे ते बनवायलाच हवे, आणि बनवायला लागणारी ऊर्जा आपणच घालायची. यंत्र कितीही निर्दोष असले तरी घातले तेवढेच परत. प्रत्यक्षात तेवढेही नाही. लाखो प्रोटॉन धातूवर आपटावेत तेव्हा कुठे एखादा प्रतिप्रोटॉन हाती लागतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचाच अंदाज आहे की एक हजार कोटी युनिट खर्चावे तेव्हा एक युनिट परत मिळेल. सेकंदाला एक कोटी प्रतिप्रोटॉन मिळतात असे धरले, तरी एक ग्रॅम जमायला सुमारे २०० कोटी वर्षे लागतील. सर्नने आजवर बनवलेले सगळे प्रतिद्रव्य एकदम जाळले, तर एक दिवा काही मिनिटे जळेल.

त्यातून ठेवायचे कशात? भांड्याला लागले की संपले. म्हणून निर्वात पोकळीत, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या आधाराने ते अधांतरी धरतात. १९५५ साली बर्कलीत प्रतिप्रोटॉन सापडला. प्रतिहायड्रोजनचे पहिले अणू सर्नमध्ये १९९५ साली झाले, तेही मोजून नऊ. ते डोळ्याचे पाते लवण्याच्या किती तरी आधी नाहीसे झाले. २०११ साली तिथेच असे अणू हजार सेकंद टिकवून दाखवले, आणि २०२३ साली सिद्ध झाले की तेही आपल्यासारखेच खाली पडतात. एवढी मेहनत विजेसाठी नाही, वर सांगितलेल्या कोड्यासाठी चालली आहे. ऊर्जेचे आश्वासन वर्तमानपत्रांनी दिले, शास्त्रज्ञांनी फारसे नाही. आम्ही लिहिणाऱ्यांनी हा दोष पत्करायला हवा.

मग आपाच्या सुईत ते आले कुठून? तिथे ते साठवलेलेच नसते. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात फ्लोरिनचा एक अस्थिर प्रकार तयार करतात आणि साखरेच्या रेणूला जोडतात. त्याचे अणू एकेक करून मोडतात आणि मोडताना पॉझिट्रॉन फेकतात. तसे तर जळगावचे केळेसुद्धा त्यातल्या पोटॅशियममुळे दिवसाला दहा-वीस पॉझिट्रॉन फेकते. साखरेला हपापलेल्या पेशी हे औषध जास्त ओढून घेतात. पॉझिट्रॉन मिलिमीटरभर जातो न जातो तोच शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघे संपतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. भोवतीच्या कड्यात दोन्ही एकाच वेळी पोचले की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ती पेशी आहे, हे कळते. भारतात हे यंत्र प्रथम २००२ साली परळला, भाभांचे नाव असलेल्या अणुसंशोधन केंद्राच्याच विभागात सुरू झाले. आपाच्या अंगात त्या दुपारी सेकंदाला तीसेक कोटी पॉझिट्रॉन संपत होते. त्या सगळ्यांची मिळून ताकद एका वॉटचा पाच लाखांश भागच. त्यावर खेळण्यातला दिवासुद्धा लागणार नाही.

ते औषध दर ११० मिनिटांनी निम्मे होते. रात्रीपर्यंत लहान मुलांना जवळ घेऊ नका, असे सांगून त्यांनी सोडले. घरी आलो तर तिचा चार वर्षांचा नातू दारातच उभा. सुनेने त्याला धरून ठेवले. आपा खोलीत पलंगावर, तो उंबऱ्याबाहेर चटईवर, असे बराच वेळ दोघे बसले होते. तिने मला हाक मारून विचारले, "आता किती उरलं असेल रे?" मी घड्याळ पाहिले. सुई दुपारी बाराला टोचली होती, साडेसात वाजत होते. मी बोटांवर हिशेब केला आणि सांगितले, सोळावा हिस्सा.