सहा नद्यांची वाटणी

भाऊबंदकीत जमिनीचे तुकडे पडतात, पण विहीर सामाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या ठरवून घेतात. पंजाबच्या फाळणीत एवढी सवड कुणालाच नव्हती. रॅडक्लिफची रेषा अशी गेली की माधोपूर आणि फिरोजपूरचे बंधारे भारतात राहिले आणि त्यांच्या पाण्यावरची कितीतरी शिवारं पाकिस्तानात गेली. माधोपूरला रावीतून काढलेला अप्पर बारी दोआब कालवा १८५९ पासून वाहत होता. लाहोरकडे जाणारी त्याची शाखा आता परदेशात होती.

दोन्ही पंजाबांच्या अभियंत्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये ‘जैसे थे’ करार केला. ३१ मार्च १९४८ पर्यंत पाणी पूर्वीसारखंच सोडायचं, असं ठरलं. मुदत संपली, पुढचा करार झालेला नव्हता, आणि १ एप्रिलला पूर्व पंजाबने पाणी बंद केलं. पलीकडे खरिपाची पेरणी तोंडावर आलेली! सिंधू जलकराराचं मूळ या बंद दरवाजांत आहे. ४ मे रोजी दिल्लीत तात्पुरता समझोता झाला. भारतातर्फे नेहरूंबरोबर सही करणाऱ्यांत आपले काकासाहेब गाडगीळही होते. पाणी सुटलं, पण हक्काचा वाद मिटला नाही.

१९५१ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष डेव्हिड लिलिएन्थॉल इकडे येऊन गेले. सिंधूचं सगळं खोरं एकच धरावं आणि दोन्ही देशांनी ते मिळून चालवावं, असं त्यांनी लिहिलं. जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ती कल्पना उचलली. पण एकमेकांच्या हाती चावी द्यायला कोण तयार होणार? १९५४ मध्ये बँकेनेच सरळ तोड काढली: पाणी नव्हे, नद्याच वाटा. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पश्चिमेकडचं पाणी पूर्वेच्या शिवारांत आणणारे जोडकालवे पाकिस्तानने बांधायचे आणि त्यासाठी भारताने सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दहा हप्त्यांत द्यायचे. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांच्या सह्या झाल्या.

एकत्र नांदण्याच्या कल्पनेतून निघालेला हा करार शेवटी विभक्त होण्याचा झाला, आणि माझ्या मते म्हणूनच टिकला. १९६५, १९७१ आणि कारगिल ही युद्धं त्याने पचवली. तोटाही त्यातच आहे. नदी एकाच्या नावावर चढली की खाली काय उरतं, हे पाहणं दुसऱ्याचं काम राहत नाही. लाहोरजवळच्या रावीत बहुतेक वर्षभर सांडपाणीच जास्त असतं. भूजल कोणी किती उपसावं, हवामान बदललं तर काय करायचं, याचा करारात पत्ता नाही.

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित ठेवला. पुढे नवा करार झालाच, तर नदीत वाहतं राहू द्यायचं पाणी आधी बाजूला काढून मग उरलेल्याची वाटणी करावी.