पृष्ठभाग-पुनर्रचना

पृष्ठभाग-पुनर्रचना : विखुरलेल्या बिंदूंच्या सहनिर्देशकांवरून, त्या बिंदूंमधून किंवा त्यांच्या अगदी जवळून जाणारा सलग त्रिमितीय पृष्ठभाग गणिताने उभा करण्याची पद्धत. मूर्ती किंवा यंत्राचा सुटा भाग यांसारख्या सर्व बाजूंनी बंद वस्तूंसाठी ह्यूग्स होप व सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेली आणि काझदान, बोलिथो व होप यांनी 2006 मध्ये प्वासाँ समीकरणाच्या आधारे मांडलेली रीत विशेष प्रचलित आहे. जमिनीच्या बाबतीत मात्र एका जागी एकच उंची धरता येत असल्याने काम सोपे होते आणि बिंदू त्रिकोणांनी जोडले तरी भागते. हे त्रिकोण बहुधा बोरिस देलोने यांच्या 1934 च्या नियमाने निवडतात. या नियमानुसार कोणत्याही त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत दुसरा बिंदू येत नाही, त्यामुळे निमुळते, लांबट त्रिकोण शक्यतो टळतात.

पुण्याच्या दक्षिणेस सपाटीवरून टेकडीच्या उतारावर चढत गेलेल्या बिबवेवाडीसारख्या उपनगरात या गणिताला मोठे व्यावहारिक वजन आहे, कारण महाराष्ट्रात एकास पाचपेक्षा, म्हणजे पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढापेक्षा, तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला मनाई आहे आणि हा उतार मोजणीच्या बिंदूंवरून काढलेल्या समोच्च रेषांवर, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर, ठरतो. समजा, टोटल स्टेशन या मोजणीच्या उपकरणाने घेतलेल्या दोन बिंदूंमध्ये 20 मीटर आडवे अंतर आणि 3.6 मीटर चढ आहे. त्रिकोणाची बाजू सरळ असल्याने उतार सुमारे एकास साडेपाच, म्हणजे मर्यादेत, दिसेल. प्रत्यक्षात पहिल्या 14 मीटरांत 0.6 मीटर आणि उरलेल्या 6 मीटरांत 3 मीटर चढ असेल, तर वरचा भाग एकास दोन इतका उभा असतो. ही शक्यता काल्पनिक नाही, कारण बेसॉल्टच्या थरांमुळे इकडच्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांनीच चढतात आणि मुरुमासाठी केलेली खोदाई त्यात आणखी उभे काप पाडते. म्हणून कड्याच्या माथ्यावर आणि पायथ्याशी वेगळे बिंदू घेऊन, त्रिकोणाची बाजू ओलांडू शकणार नाही अशी रेषा तेथे आखावीच लागते. केवळ ठरावीक अंतराने घेतलेली मोजणी अशा जागी अपुरी ठरते.

हवाई छायाचित्रांवरून किंवा लिडारने, म्हणजे लेसर किरण परत येण्याच्या वेळेवरून, लक्षावधी बिंदू मिळतात, पण बिबवेवाडीतील अप्पर इंदिरानगरसारख्या दाट वस्तीत त्यांतील बहुसंख्य छपरांवरचे असतात. छपरांचे बिंदू गाळल्यावर उरलेली जमीन बोळांपुरती राहते आणि घरांखालचा उतार केवळ अनुमानाने भरला जातो. म्हणूनच अशा बिंदूंवरून काढलेल्या नकाशावर समोच्च रेषांबरोबर मूळ बिंदूही छापणे आवश्यक आहे.