औंधचे बाळासाहेब आणि आमच्या तात्यांचे नमस्कार

अभ्यंगस्नान उरकून, फराळाचे ताट पुढ्यात घेऊन आपण हा अंक उघडला असेल, आणि मथळ्यातले नमस्कार पाहून आपल्या कपाळावर आठी पडली असेल, तर ती मला इथून दिसते आहे. दिवाळीच्या चार दिवसांत आहारविहाराचा विषय काढणारा पाहुणा कोणाच्याच घरी नको असतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो, आपली चकली आपण खुशाल खावी. दिवाळी अंकाचे लेख गणपतीच्या दिवसांत लिहावे लागतात, त्यामुळे मी हे लिहीत असताना माझ्याही शेजारी बशी आहे. फक्त तिच्यात मोदक एकच आहे, आणि तो मोजून देणारी व्यक्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे.

त्याचे असे झाले. मी पडलो शाळामास्तर. दिवसभर फळ्यापुढे उभे राहायचे आणि रात्री कादंबरीच्या कागदांवर पाठीचा कमान करून बसायचे, असा माझा वीस वर्षांचा क्रम. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्त तपासले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "मास्तर, साखर वाढलीय. गोळी देतो, पण नुसत्या गोळीवर भागायचं नाही. हालचाल करा आणि जेवण मोजा." मी घाबरलो आणि घाबरलेला मनुष्य करतो तेच केले. भारी किमतीचे बूट घेतले. वजनाचा काटा घेतला. पावले मोजणारे मनगटी घड्याळ घेतले. कंबर तलावाच्या काठाने तीन आठवडे सकाळी फिरलो. चौथ्या आठवड्यात पाऊस लागला, बूट कोनाड्यात गेले, आणि घड्याळ मुलीने पळवले.

कोनाड्यातल्या त्या बुटांकडे पाहता पाहता मला आमच्या तात्यांची आठवण झाली. तात्या म्हणजे माझे आजोबा. ते मूळचे आटपाडी महालातले, म्हणजे आपल्या सांगोल्याची शीव ओलांडली की लागतो तो मुलूख. आज तो सांगली जिल्ह्यात मोडतो, पण तात्यांच्या लहानपणी तिथे औंध संस्थानचा अंमल होता. औंध तसे लहानसे संस्थान, बहात्तर गावांचे, आणि तेही एकसलग नव्हे. एक तुकडा साताऱ्याकडे औंधला, एक आटपाडीला, एक कुंडलला, एक थेट विजापुराकडे गुणदाळला. पण या चिमुकल्या संस्थानाच्या राजाने जी गोष्ट मनावर घेतली, ती आज न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत सतरंज्या पसरून लोक करीत आहेत. ती गोष्ट म्हणजे सूर्यनमस्कार.

नमस्कार राजांनी शोधून काढले असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात ते आधीपासून होते. समर्थांच्या नावावर तर रोजच्या बाराशे नमस्कारांची आख्यायिका आहे. पण घराघरातला आणि आखाड्यातला हा प्रकार उचलून, त्याचे दहा टप्पे ठरवून, श्वास कुठे घ्यावा आणि कुठे सोडावा हे नेमून, छापील पुस्तकाने आणि शाळेच्या घंटेने तो सर्वांपुढे ठेवणारे गृहस्थ म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८चा, गादीवर आले १९०९ साली. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, कलावस्तूंचे मोठे शौकीन. औंधच्या टेकडीवरचे त्यांचे संग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरान देऊन १९१० साली किर्लोस्करवाडी वसू दिली तीही यांच्याच राज्यात.

आता मला विशेष वाटते ते पुढचे. बाळासाहेबांनी सुरुवात नमस्कारांनी केलीच नाही! त्या काळी सँडो या जर्मन पहिलवानाचा जगभर गवगवा होता. डंबेल्स, स्प्रिंगा, मापे घेण्याचे तक्ते. १९०५च्या सुमारास त्याने हिंदुस्थानचाही दौरा केला. त्याच्या आधीच, १८९७ साली, औंधच्या या तरुण राजपुत्राने सँडोचे सगळे सामान आणि पुस्तके मागवली आणि दहा वर्षे नेमाने त्या पद्धतीचा व्यायाम केला. म्हणजे माझे बूट आणि माझे घड्याळ! हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. फरक इतकाच की त्यांची दहा वर्षे टिकली आणि माझे तीन आठवडे.

मग १९०८च्या सुमारास मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी त्यांना नमस्कार सुचवले. पंतप्रतिनिधी तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी सँडोचे सामान बाजूला ठेवले आणि नमस्कार धरले ते कायमचे. साडेतीन हात जमीन एवढेच भांडवल. कुस्तीचे तसे नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरास खासबागेचे मैदान उभे केले, मल्लविद्येला सोन्याचे दिवस आणले, हे खरेच. पण पहिलवानाला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम, थंडाई. गरिबाच्या पोराने नुसत्या भाकरीवर किती जोर काढावेत? नमस्काराला खुराक लागत नाही, जोडीदार लागत नाही, वस्तादाची फी लागत नाही. बायकांना आणि म्हाताऱ्यांनाही तो जमतो, आणि बाळासाहेब बायकांनाही तो आग्रहाने सांगत.

१९२०च्या दशकात त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. १९३६ साली ते विलायतेस गेले, तेव्हा सत्तरीकडे झुकलेल्या या हिंदी राजाचा तुकतुकीत देह पाहून लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' पत्राच्या लुईझ मॉर्गन या बातमीदार बाई चकित झाल्या. त्यांनी त्याची मुलाखत घेतली, त्यावर लिहिले, आणि १९३८ साली लंडनलाच नमस्कारांचे इंग्रजी पुस्तक त्यांच्या संपादनाखाली निघाले. दहा टप्प्यांचा आरोग्यमार्ग अशा अर्थाचे त्याचे नाव. आटपाडीच्या माळावरचा व्यायाम थेम्सच्या काठी गेला तो असा.

पण तात्यांना विचारा!

तात्या आटपाडी महालातल्या एका खेड्याच्या शाळेत. संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे. "आरं, थंडीत अंगात कापडं न्हाईत," तात्या सांगत, "आन् मास्तर छडी घिऊन हुबा. गुडघा जमिनीला टेकला की पोटरीवर एक. सूर्याला नमस्कार कसला, छडीला नमस्कार त्यो." पोटात कालची शिळी भाकरी आणि पुढ्यात मंत्र म्हणणारी पोरांची रांग. राजेसाहेब दौऱ्यावर येणार असले की आठ दिवस आधीपासून ही रांग दुप्पट वेळ चाले. तात्या एवढे कंटाळले होते की, पुढे पोटासाठी सोलापुरास येऊन एका गिरणीत चिकटले, त्या दिवशी त्यांनी पहिली गोष्ट सोडली ती नमस्कार. "हितं कोण इचारतंय!" असे म्हणून त्यांनी मनाशी आनंद मानला होता.

इथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. ज्या राजाच्या राज्यात पोटरीवर छडी बसे, त्याच राजाने आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या हाती दिली. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनियर यांनी धडपड केली, महात्मा गांधींचा सल्ला घेतला, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची राज्यघटना जाहीर झाली. पंचायतींच्या हाती कारभार गेला. देशातली मोठमोठी संस्थाने तेव्हा प्रजा परिषदेचे नाव काढले तरी लाठ्या चालवीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहान राजाचे मोठेपण कळते. लोकांनी काय कायदे करावेत हे लोकांवर सोडणाऱ्या या मनुष्याला, लोकांनी सकाळी उठून काय करावे हे मात्र लोकांवर सोडवेना! मला यात ढोंग दिसत नाही. स्वतःला ज्याचा गुण आला ते औषध मुलाच्या नरड्यात ओतणाऱ्या बापाचा जो उतावळेपणा असतो तो दिसतो. शिक्षकाच्या जातीत जन्म काढल्यामुळे हा उतावळेपणा मला चांगला परिचयाचा आहे.

बाळासाहेबांना नमस्कार मिळाले ते एका स्नेह्याने सुचवले म्हणून, तेही दहा वर्षे दुसरे काही करून पाहिल्यावर. तात्यांना ते मिळाले आठव्या वर्षी, छडीबरोबर. वस्तू एकच, पण हाती कशी आली यावर ती टिकली की सुटली हे ठरले.

अर्थात तात्यांची सुटली हे पुरते खरे नाही. साठीच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली. त्या काळच्या सोलापुरात गिरणीचा भोंगा हेच घड्याळ होते. भोंगा थांबला आणि सगळ्या चाळीला पहाटे करायला काही उरले नाही. आजी सांगायची, "चारपाच दिस हे नुसतं आढ्याकडं बघत पडून ऱ्हायचं. मग एक दिस मी चुलीपुढं होते, बघते तर ह्यांनी घोंगडं हांतरलंय आन् खाली-वर चाललंय. मला वाटलं, डोस्क्यावर परिनाम झाला!" परिणाम झाला नव्हता. कोणी सांगितले नाही, कोणी उभे राहिले नाही, तेव्हा पंचवीस वर्षांपूर्वीचे ते दहा टप्पे अंगातून आपोआप बाहेर आले होते. नंतर तात्यांनी हातगाडी ओढली, मागावर काम केले, पण रोजचे बारा नमस्कार अखेरच्या आजारापर्यंत सोडले नाहीत. राजाला मात्र त्यांनी शेवटपर्यंत शिव्याच दिल्या. असो.

जेवणाचेही बाळासाहेबांनी लिहून ठेवले आहे. सडलेला पांढराशुभ्र तांदूळ नको, हातसडीचा घ्या. कोंड्यासकट कणीक घ्या. चहा, तंबाखू, साखर यांच्या मागे लागू नका. सोलापूरकराला यातले अर्धे सांगावेच लागले नसते. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, पातळ आमटी, बुक्कीने फोडलेला कांदा, हे आमचे जन्माचे जेवण. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या शेतकी केंद्रावर मालदांडी ज्वारीतून 'एम ३५-१' हा वाण निवडला गेला आणि त्याने कित्येक पिढ्यांचा रब्बी हंगाम सांभाळला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मधल्या काळात काय झाले? १९७२च्या दुष्काळात परदेशची तांबडी मिलो खाल्लेल्या पिढीला भाकरीतच गरिबी दिसू लागली. उजनीचे पाणी आले, ऊस आला, कारखान्यांची धुराडी उभी राहिली, आणि साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात पुढे गेला. घरात पोळी आली, चहात तीन चमचे आले. शिवारात साखर आणि रक्तातही साखर! आता २०२३ साल जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा आमचीच कडक भाकरी पुड्यात बांधून पुण्या-मुंबईच्या दुकानांत भारी भावाने जाऊ लागली आहे.

भाकरीत काही जादू आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मी डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगायला गेलो की पोळी सोडून भाकरी धरली आहे. त्यांनी विचारले, "किती?" मी म्हटले, "तीन, कधी चार." ते म्हणाले, "मग साखरेला काय कळणार मास्तर, पोळी होती की भाकरी?" आता दीड भाकरी, ताटभर भाजी, वाटीभर मटकीची उसळ आणि बिनसाखरेचा चहा. पहिले पंधरा दिवस तो चहा काढ्यासारखा लागला. आता लग्नाकार्यात कोणी गोड चहा दिला तर घशाखाली उतरत नाही, याचे मलाच नवल वाटते.

आणि नमस्कार. तात्यांचे घोंगडे कधीच विरले, म्हणून सोलापुरी चादरीची चौघडी घालतो. सुरुवातीला तीन घातले आणि धापा टाकीत भिंतीला टेकून बसलो. महिन्याने सहा झाले. पाच महिन्यांनी बारा. डॉक्टरांनी साखर पुन्हा तपासली तेव्हा मान हलवली आणि गोळी अर्धी केली. बंद केलेली नाही, हेही सांगितले पाहिजे.

नमस्कार मोजायला माझी नऊ वर्षांची मुलगी असते. तिला मी "तूही घाल" असे अजून एकदाही म्हटलेले नाही. मास्तराच्या जिभेला हे किती जड जाते ते मास्तरांनाच ठाऊक. ती उंबऱ्यावर बसून दात घासता घासता मोजते, आणि मी फार दमलेला दिसलो की सातानंतर एकदम नऊ म्हणते. गेल्या रविवारी मी खाली वाकलेलो असताना आकडे ऐकू येईनासे झाले. मान तिरकी करून पाहिले, तर चादरीच्या कडेला, फरशीवरच, ती ओणवी झाली होती. तिचा गुडघा जमिनीला टेकला होता. मी काही बोललो नाही.