स्क्रम मास्टर म्हणजे काय? काम, सर्टिफिकेट आणि करिअरची खरी माहिती

तुमच्या फोनमधलं पेमेंटचं ॲप सारखं अपडेट मागतं ना? वर्षभर खपून एकदम मोठं सॉफ्टवेअर देण्याऐवजी थोडं थोडं बनवायचं, वापरणाऱ्यांना दाखवायचं आणि सुधारत जायचं, या पद्धतीला ॲजाइल म्हणतात. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी एकत्र बसून तिचा जाहीरनामा लिहिला. स्क्रम हा ॲजाइलचा सर्वात जास्त वापरला जाणारा प्रकार आहे. हे नाव रग्बीतून आलंय, जिथे खेळाडू एकमेकांना घट्ट धरून मिळून जोर लावतात.

स्क्रम मास्टर नेमकं काय करतो?

नावात 'मास्टर' असलं तरी तो टीमचा बॉस नसतो. काय बनवायचं आणि आधी काय, हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो. कसं बनवायचं हे डेव्हलपर ठरवतात. टीमचं काम अडू नये आणि दिवसेंदिवस सुधारावं, ही जबाबदारी स्क्रम मास्टरची.

काम 'स्प्रिंट'मध्ये चालतं. एक स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. बऱ्याच टीम दोन आठवड्यांचा ठेवतात. त्यात या बैठका होतात:

- स्प्रिंट प्लॅनिंग: या वेळी काय पूर्ण करायचं ते ठरवणं
- डेली स्क्रम: रोज फक्त १५ मिनिटं
- स्प्रिंट रिव्ह्यू: तयार झालेलं काम दाखवून मत घेणं
- रेट्रोस्पेक्टिव्ह: कुठे अडलो, पुढच्या वेळी काय बदलायचं

समजा, बस तिकिटाच्या ॲपवर काम चालू आहे आणि टेस्टिंगचा सर्व्हर चार दिवस बंद आहे. टेस्टर नुसताच बसून आहे. अशा वेळी संबंधित विभागाच्या मागे लागून तो सर्व्हर सुरू करून घेणं, हे स्क्रम मास्टरचं काम. कोण किती वाजता आला याची हजेरी घेणं हे त्याचं काम नाही.

कोणतं सर्टिफिकेट घ्यावं?

दोन सर्टिफिकेट जास्त चालतात. स्क्रम अलायन्सच्या सीएसएमसाठी आधी कोर्स करावाच लागतो आणि दर दोन वर्षांनी ते रिन्यू करावं लागतं. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसएम-१ साठी कोर्सची सक्ती नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के, आणि रिन्यू करायची गरज नाही. दोन्ही परीक्षांचा पाया असलेली 'स्क्रम गाइड' ही छोटी पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. शेवटची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची आहे. क्लासचे पैसे भरण्याआधी ती नक्की वाचा.

फक्त सर्टिफिकेटवर नोकरी मिळते का?

स्पष्ट सांगायचं तर फ्रेशरला हे अवघड आहे. टीमचं काम कुठे अडतं हे ओळखायला आधी टीममध्ये काम केलेलं असावं लागतं. म्हणून बरेच जण टेस्टर, डेव्हलपर किंवा बिझनेस ॲनालिस्ट म्हणून काही वर्षं काढतात आणि मग या भूमिकेत येतात.

दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने ॲजाइलच्या १,१०० हून जास्त जागा रद्द केल्या आणि ते काम इंजिनिअर व प्रॉडक्ट मॅनेजरकडे दिलं. पद्धत टिकली, स्वतंत्र पद गेलं! ज्याला फक्त मीटिंग घेता येतात, त्याची जागा आधी जाते.

मग सुरुवात कशी करायची?

कॉलेजच्या प्रोजेक्टपासून करा. चार मित्र मिळून ट्रेलो किंवा जिरावर कामांची यादी बनवा, दोन आठवड्यांचा स्प्रिंट ठरवा आणि शेवटी रेट्रोस्पेक्टिव्ह घ्या. सोबत टेस्टिंग किंवा कोडिंग यांपैकी एक गोष्ट पक्की शिका. इंटरव्ह्यूमध्ये "टीममध्ये भांडण झालं तेव्हा तुम्ही काय केलं?" असं विचारलं, तर सांगायला तुमचा स्वतःचा अनुभव असेल.

स्क्रम मास्टरचा कोर्स करायचा विचार करणारा एखादा मित्र असेल, तर फी भरण्याआधी त्याला ही माहिती नक्की पाठवा.