लोकवर्गणीवर उभी राहिलेली रेस टीम

रेसिंग टीमला पैसे कोण देतं? तेल कंपन्या, टायर कंपन्या, गाड्यांचे कारखाने. प्रेक्षक फार तर तिकीट काढतो, टीमची टोपी विकत घेतो आणि घरी जातो. ऑस्ट्रेलियातली एक टीम मात्र प्रेक्षकांच्या वर्गणीवर उभी राहिली. तिचं नाव डिक जॉन्सन रेसिंग. तिने किती करंडक जिंकले हे इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडतं. मला जास्त छळतो तो दुसराच प्रश्न. लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली टीम त्या लोकांचं काय देणं लागते?

आधी टूरिंग कार म्हणजे काय ते सांगतो. फॉर्म्युला वनची गाडी आपल्या गल्लीत कधी दिसणार नाही. टूरिंग कार मात्र शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीवरून बनवलेली असते. दारात उभी असते तीच गाडी टीव्हीवर ताशी अडीचशेच्या वेगाने पळताना दिसते, त्यामुळे लोक तिच्यात फार लवकर गुंततात. ऑस्ट्रेलियात तर त्याचे सरळ दोन गट पडले होते: फोर्ड फाल्कनवाले आणि होल्डनवाले. बाप फोर्डचा असला की पोरगं बहुधा फोर्डचंच.

या दोन गटांची सगळ्यात मोठी लढाई दरवर्षी बाथर्स्टला व्हायची. सिडनीच्या पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या या गावातल्या माउंट पॅनोरमा डोंगरावर हा ट्रॅक आहे. एरवी तो साधा सार्वजनिक रस्ता असतो, त्याच्या कडेला लोकांची घरं आहेत आणि वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. रेसच्या दिवशी त्याच रस्त्यावर दोन ड्रायव्हर आळीपाळीने एका गाडीत बसून १००० किलोमीटर कापतात.

१९८० साली क्वीन्सलँडचा पस्तिशीतला डिक जॉन्सन तिथे निळी फाल्कन घेऊन उतरला. पेट्रोल पंप आणि गॅरेज चालवणारा हा माणूस. गाडीचं नाव ‘ट्रू-ब्लू’, आणि तेही स्पॉन्सर कंपनीच्या स्टीलच्या पाइपांवरून पडलेलं. समोर होल्डनचा पीटर ब्रॉक, म्हणजे त्या काळचा सुपरस्टार. तरीही जॉन्सन सगळ्यांच्या पुढे होता. १६३ फेऱ्यांच्या रेसमधल्या वीसही झाल्या नव्हत्या. चढावरच्या ‘कटिंग’ नावाच्या वळणावर रस्त्याच्या एका बाजूला बंद पडलेली गाडी ओढून नेणारा ट्रक होता आणि दुसऱ्या बाजूला फुटबॉलएवढा दगड. हा दगड प्रेक्षक बसतात त्या उतारावरून खाली आला होता. ट्रक चुकवताना गाडी दगडावर गेली, चाक मोडलं आणि फाल्कन भिंतीवर जाऊन आदळली.

रेस अजून चालूच होती. चॅनल सेव्हनच्या थेट प्रक्षेपणात जॉन्सन डोळ्यांत पाणी आणून बोलला. जवळचं सगळं त्याने या गाडीत घातलं होतं आणि पुन्हा उभं राहायला पैसे नव्हते. देशभर लोक हे बघत होते. फोन खणखणू लागले. कोणी मागितली नसताना वर्गणी सुरू झाली आणि बघता बघता ७२ हजार डॉलर जमले. हेन्री फोर्डचा पणतू एडसेल फोर्ड दुसरा तेव्हा फोर्ड ऑस्ट्रेलियात होता. लोकांच्या प्रत्येक डॉलरमागे कंपनीचा एक डॉलर, असं त्याने जाहीर केलं. एकूण रक्कम झाली १ लाख ४४ हजार डॉलर.

वर्गणी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. स्पॉन्सरशिप हा सौदा असतो: पैसे घ्या, बॉनेटवर आमचं नाव लावा. वर्गणीत देणाऱ्याला काहीच मिळत नाही. ना हिस्सा, ना नाव, ना मत. इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजच्या पोरांनी बाहा स्पर्धेसाठी गाडी बनवली, तेव्हा सीनियर्सकडून पाचशे-हजार गोळा केले होते. पावती कोणीही मागितली नाही. पण पोरं परत आल्यावर प्रत्येकाने विचारलं, “काय झालं?” वर्गणी देणाऱ्याचा हक्क एवढाच: विचारायचा.

१९८१ मध्ये जॉन्सनने त्या प्रश्नाचं दणदणीत उत्तर दिलं. आधी ब्रॉकला हरवून तो ऑस्ट्रेलियन टूरिंग कार चॅम्पियन झाला. मग जॉन फ्रेंचला जोडीला घेऊन त्याने बाथर्स्टही जिंकलं. मोठ्या अपघातामुळे ती रेस मध्येच थांबवावी लागली, तेव्हा त्यांची गाडी पहिल्या नंबरवर होती. पुढे १९८२, १९८४, १९८८ आणि १९८९ अशी आणखी चार विजेतेपदं आली. १९८३ मध्ये बाथर्स्टच्या पात्रता फेरीत त्याची गाडी झाडांत घुसून चक्काचूर झाली. तेव्हा दुसऱ्या एका स्पर्धकाची फाल्कन मिळवून, रात्रभर राबून आणि रंग मारून, ती दुसऱ्या दिवशी रेसला उभी केली. ती रेस पूर्ण करू शकली नाही. पण लोकांना ती रात्र आजही आठवते.

इथपर्यंतची गोष्ट कुणालाही आवडेल. पुढची थोडी अवघड आहे.

२००० नंतर टीमचे पैशांचे वांधे सुरू झाले. भागीदार आले आणि गेले. २०१० मध्ये जेम्स कोर्टनीने विजेतेपद मिळवून दिलं आणि पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या टीमकडे गेला. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टीम पेन्स्केने ५१ टक्के हिस्सा घेतला. टीम पुन्हा जिंकू लागली. स्कॉट मॅकलॉक्लिनने २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली. २०१९ मध्ये तर एका मोसमात १८ रेस जिंकायचा विक्रम केला.

त्याच वर्षी बाथर्स्टला रेसच्या शेवटच्या टप्प्यात सेफ्टी कार ट्रॅकवर आली. टीमच्या दुसऱ्या गाडीत फॅबियन कूल्टहार्ड होता. त्याला रेडिओवरून हळू चालवायला सांगण्यात आलं. कारण दिलं गेलं की ट्रॅकवर कचरा असू शकतो आणि इंजिन तापतंय. सेफ्टी कारच्या मागे ओव्हरटेक करता येत नाही, म्हणून त्याच्यामागची सगळी रांग अडकली. पुढे असलेल्या मॅकलॉक्लिनला पिटमध्ये जाऊन यायला आयता वेळ मिळाला. रेस त्याने जिंकली. चौकशीत टीमने नियमभंग मान्य केला. अडीच लाख डॉलरचा दंड झाला, त्यातले एक लाख स्थगित ठेवले गेले. टीमचे ३०० गुण कापले आणि कूल्टहार्डला रेस पूर्ण करणाऱ्यांमध्ये शेवटचा नंबर दिला. मॅकलॉक्लिनचा विजय मात्र कायम राहिला.

कोड लिहिताना आम्ही एका आकड्याच्या मागे लागतो आणि तो आकडा कशासाठी होता हे विसरतो. मला या प्रकरणात तेच दिसतं. १९८० मध्ये लोकांनी पैसे दिले ते जिंकण्यासाठी नव्हते, कारण तो जिंकलाच नव्हता. एक माणूस सरळ मार्गाने चालला होता आणि वाटेत दगड आला, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. ३९ वर्षांनी त्याच डोंगरावर त्याच नावाच्या टीमने दुसऱ्यांच्या वाटेत अडथळा उभा केला.

कोणी म्हणेल, ७२ हजार डॉलर केव्हाच फिटले, आता मालक वेगळे आणि काळही वेगळा. खरंच आहे. फोर्डने ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं २०१६ मध्ये बंद केलं, होल्डनने २०१७ मध्ये. टीमच्या फाल्कनची जागा मस्टँगने घेतली. २०२० च्या शेवटी पेन्स्केही गेले आणि टीमला तिचं जुनं नाव परत मिळालं, डिक जॉन्सन रेसिंग.

पण त्या नावाला किंमत आली ती वर्गणीमुळेच. ते नाव गाडीवर लावून कोणी शेल, कोणी फोर्डकडून पैसे आणत असेल, तर त्याच्यामागे १९८० च्या त्या दुपारी टीव्हीसमोरून उठून फोनकडे गेलेली माणसं आहेत. पैसे त्यांनी कधी परत मागितले नाहीत. “काय झालं?” एवढं मात्र ते विचारू शकतात, आणि २०१९ च्या बाथर्स्टबद्दल त्यांना सरळ मानेने देता येईल असं उत्तर या टीमकडे आहे, असं मला वाटत नाही.