धर्मत्यागोत्तर अपराधभाव

कडक धार्मिक शिस्तीत वाढलेली व्यक्ती त्या शिस्तीवरचा विश्वास उडाल्यावर तिच्यातून बाहेर पडते. मात्र पुढे कित्येक वर्षे तिच्या मनात अपराधीपणाची जी भावना टिकून राहते, तिला धर्मत्यागोत्तर अपराधभाव असे म्हणता येते. नियम बुद्धीला पटेनासा झालेला असतो. तरीही तो मोडताना हात थबकतो, छातीत धस्स होते आणि एखादे आजारपण किंवा अपयश आले की ‘ही त्याचीच शिक्षा’ असा विचार नकळत मनात येऊन जातो. येथे धर्मत्याग हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. धर्म बदलणारे, धर्म सोडून निरीश्वरवादी झालेले आणि धर्मात राहूनही लहानपणीचा कर्मठ आचार टाकणारे, अशा तिन्ही प्रकारच्या लोकांना हा अनुभव येतो.

स्वरूप

मानसशास्त्रात अपराधभाव आणि शरम यांत भेद करतात. ‘मी वाईट कृत्य केले’ ही अपराधाची जाणीव होय, तर ‘मीच वाईट आहे’ ही शरमेची. पहिलीतून चूक दुरुस्त करण्याची इच्छा निर्माण होऊ शकते. दुसरीतून बहुधा लपण्याचीच इच्छा होते. कर्मठ संगोपनात या दोहोंची सरमिसळ झालेली असते. कृतीइतकाच विचारही पाप मानला गेला, तर मुलाला स्वतःच्या मनावर सतत पहारा ठेवण्याची सवय लागते. श्रद्धा गेली, म्हणून हा पहारा आपोआप उठत नाही.

फिनलंडमधील मार्याना लिंडेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. देवाला भयंकर गोष्टी करण्याचे आव्हान देणारी वाक्ये आस्तिक व नास्तिक व्यक्तींकडून मोठ्याने वाचून घेण्यात आली आणि त्या वेळी त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेत होणारा बदल मोजण्यात आला. ही वाक्ये वाचणे नास्तिकांना आस्तिकांइतके अप्रिय वाटले नाही, असे त्यांनीच सांगितले. त्वचेने मात्र दोन्ही गटांत सारखाच ताण नोंदवला. प्रयोगातील व्यक्तींची संख्या लहान होती, म्हणून त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढणे योग्य नाही. डॅरिल व्हॅन टाँगेरेन व सहकाऱ्यांनी अमेरिका, हाँगकाँग, नेदरलँड्स आणि न्यूझीलंड येथील माहितीच्या आधारे ‘धार्मिक अवशेष’ ही कल्पना मांडली. धर्म सोडलेल्या व्यक्तींची वृत्ती आणि वर्तन हे श्रद्धावान आणि कधीच धार्मिक नसलेल्या व्यक्तींच्या अधेमधे राहते, असे त्यांना आढळले. त्यापूर्वी १९८८ मध्ये समाजशास्त्रज्ञ हेलन रोझ फुक्स इबॉ यांनी जुनी भूमिका सोडल्यावरही तिचे अंश नव्या ओळखीत कसे उरतात, याचे विवेचन केले होते. त्या स्वतः पूर्वाश्रमीच्या नन होत्या.

एडमंड गॉस यांचे उदाहरण

या अवस्थेचे साहित्यातील एक प्रसिद्ध चित्रण इंग्रज लेखक एडमंड गॉस (१८४९–१९२८) यांच्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात आढळते. १९०७ मध्ये ते प्रथम लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. गॉस यांचे वडील फिलिप हेन्री गॉस हे नामवंत निसर्गशास्त्रज्ञ होते आणि आईवडील दोघेही प्लिमथ ब्रेदरेन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे अनुयायी होते. कल्पित गोष्ट सांगणे हे पाप, अशी आईची धारणा असल्याने एडमंड यांना लहानपणी परीकथा ऐकावयास मिळाल्या नाहीत. १८५७ मध्ये आईचे निधन झाले. मृत्युशय्येवर तिने मुलाला ईश्वरकार्यासाठी अर्पण केले होते. हे अर्पण पुढे त्यांच्यावर कर्जासारखे राहिले.

पुस्तकातील दोन प्रसंग विशेष लक्षणीय आहेत. मूर्तिपूजा केल्यास देव खरोखरच कोपतो का, हे पाहण्यासाठी लहानग्या एडमंड यांनी एका खुर्चीची प्रार्थना केली आणि काय घडते याची वाट पाहिली. काहीच घडले नाही. त्यांचा देवावरील विश्वास त्याने उडाला नाही, पण देवाचे मन वडिलांना अचूक कळते या समजुतीला तडा गेला. दुसरा प्रसंग १८५७ च्या नाताळचा आहे. वडिलांना नाताळचा सण मूर्तिपूजकांचा वाटे. घरातील मोलकरणींनी गुपचूप केलेल्या पुडिंगचा एक तुकडा एडमंड यांना दिला. तो खाल्ल्यानंतर आठ वर्षांच्या मुलाला पश्चात्तापाने इतके ग्रासले की तो रडत वडिलांकडे गेला आणि त्याने सर्व कबूल केले. वडिलांनी उरलेले पुडिंग नेऊन नष्ट केले. मुलगा प्रयोगाअंती शंका घेऊ लागला होता. तरीही निषिद्ध घास त्याच्या पोटात पचला नाही. शंका आणि अपराधभाव एकाच मनात सुखेनैव नांदू शकतात, ही गोष्ट या दोन प्रसंगांतून जितकी स्पष्ट होते तितकी ती व्याख्यांतून होत नाही.

पुढे गॉस नोकरीसाठी लंडनला गेले. वडील पत्रांतून त्यांच्या श्रद्धेची नियमित विचारपूस करीत राहिले. हा जाच होता, पण त्याच्या मुळाशी प्रेम होते. आपला मुलगा अनंतकाळ आपल्यापासून दुरावणार, असे त्या पित्याला खरोखरच वाटत होते. कर्मठ घर सोडणाऱ्याच्या अपराधभावाचा सर्वांत अवघड भाग बहुधा हाच असतो. नरकाची भीती कालांतराने ओसरते; आईवडिलांना झालेले दुःख मात्र काल्पनिक नसते.

प्रायश्चित्ताचा प्रश्न

बहुतेक धर्मपरंपरा पापाची कल्पना देताना त्यातून सुटण्याचा मार्गही देतात. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताला वाहिलेला आहे. कॅथलिकांत पापनिवेदन, ज्यूंत योम किप्पुरचा उपवास, जैनांत प्रतिक्रमण व संवत्सरीची क्षमायाचना ही त्याचीच रूपे होत. परंपरा सोडणाऱ्याची कोंडी येथे होते. पापाची जाणीव त्याच्याबरोबर बाहेर येते, पण ती उतरवून ठेवण्याचा विधी मागे राहतो. ज्यावर विश्वास नाही ते प्रायश्चित्त घेता येत नाही आणि घेतले तरी मन हलके होत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात याची उलट बाजूही दिसते. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य आले. त्यांपैकी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. ते मनातील टोचणीपोटी नव्हते. बहिष्काराने अडचणीत आलेल्या स्नेह्यांची सोय व्हावी, हा हेतू होता. सुधारकांना ते रुचले नाही. येथे अपराधभावाविना प्रायश्चित्त होते. धर्मत्याग्याच्या वाट्याला प्रायश्चित्ताविना अपराधभाव येतो. त्याआधी १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिनिर्बंध मोडण्यासाठी ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खात, परंतु हे सर्व गुप्तपणे चाले. सभासदांची नावे उघड होण्याचा प्रसंग येताच सभा मोडली. बहिष्काराची भीती त्यामागे उघड आहे; पण विचाराने नियम ओलांडणे आणि घरच्या मंडळींसमोर तो ओलांडणे यांतील अंतरही त्यातून कळते.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे अंतर हळूहळू कापले जाताना दिसते. त्यांचे वडील सोवळ्याच्या आहारी गेलेले होते. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याचा पगडा एका दिवसात सुटला नाही, हे त्यांनी विनोदाची साथ न सोडता सांगितले आहे.

सामोरे जाण्याचे मार्ग

समुपदेशनात पहिली पायरी बहुधा वर्गवारीची असते. एखाद्या कृतीने कोणाला प्रत्यक्ष इजा झाली की केवळ नियम मोडला, हा प्रश्न विचारला जातो. शनिवारी दिवा लावणे, उपवासाच्या दिवशी जेवणे किंवा प्रार्थना चुकवणे यांची बोचणी आणि आईला खोटे सांगितल्याची बोचणी यांना एकच औषध चालत नाही. पहिली सोसून विरू द्यावयाची असते. दुसरीसाठी स्पष्ट बोलणे, क्षमा मागणे किंवा संबंध नव्याने जोडणे आवश्यक ठरते.

नियमभंगाच्या बोचणीवर युक्तिवाद फारसा उपयोगी पडत नाही. ‘हे पाप नाही’ असे स्वतःला पुनःपुन्हा पटवत राहणे हासुद्धा एक नवा जपच होऊन बसतो. पापशंकेने अतिरेकी रूप धारण केल्यास ती मंत्रचळाच्या विकाराचा, म्हणजे ओसीडीचा, एक प्रकार मानली जाते. तिच्यावरील मान्य उपचारात व्यक्तीला भीतिदायक कृतीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेले जाते आणि नंतर शुद्धीकरण, कबुली किंवा खात्री करून घेणे टाळण्याचा सराव दिला जातो. काहूर उठते आणि काही न करताही शमते, हा अनुभव शंभर युक्तिवादांपेक्षा अधिक काम करतो.

समदुःखी लोकांची सोबत हा दुसरा मोठा आधार होय. कर्मठ ज्यू समाजातून बाहेर पडणाऱ्यांसाठी इस्रायलमध्ये हिल्लेल आणि न्यूयॉर्कमध्ये २००३ पासून फूटस्टेप्स या संस्था काम करतात. शिक्षण आणि रोजगार यांसाठी तेथे मिळणारी मदत समुपदेशनाइतकीच महत्त्वाची आहे. कारण परतीची वाट केवळ भाकरीसाठी धरावी लागली, तर अपराधभाव अधिकच बळावतो. सणवार, सामुदायिक गायन, ओळखीची भाषा यांची उणीव भासणे स्वाभाविक असून त्याचा अर्थ निर्णय चुकला असा होत नाही. काही जण जुना सण श्रद्धेविना, केवळ कुटुंबासाठी पाळतात. काहींना तोच ढोंगीपणा वाटतो. दोन्ही मार्ग प्रचलित आहेत.

झोप उडणे, सततची धास्ती किंवा जीवन संपवण्याचे विचार अशी लक्षणे असल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेणे आवश्यक असते. भारतात २०२२ पासून टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मतभेद

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी २०११ मध्ये अशा त्रासासाठी ‘धार्मिक आघात लक्षणसमूह’ ही संज्ञा सुचवली. ती अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अधिकृत वर्गीकरणात नाही. मात्र श्रद्धा गमावणे किंवा तिच्याविषयी शंका उत्पन्न होणे यांतून येणारा त्रास ‘धार्मिक वा आध्यात्मिक समस्या’ या नोंदीखाली १९९४ पासून त्यात समाविष्ट आहे. ही नोंद विकार म्हणून केलेली नाही, तर उपचारात लक्ष देण्याजोगी बाब म्हणून केलेली आहे. स्वतंत्र संज्ञेमुळे पीडितांना आपल्या अनुभवासाठी शब्द मिळतो, असे समर्थक मानतात. टीकाकारांच्या मते चिंता, नैराश्य आणि आघातोत्तर ताण या प्रस्थापित निदानांत तो त्रास सामावतो. शिवाय धार्मिक संगोपन सर्वांनाच जाचक ठरत नाही. अनेकांना त्याच संगोपनातून आधार मिळालेला असतो आणि कित्येकदा एकाच घरातील दोन भावंडांचे अनुभव परस्परविरुद्ध असतात.