डॉक्टर आहेत, पण भूल देणारे आहेत का?



राजगडाच्या पायथ्याला पाल गावात सईबाई राणीसाहेबांची समाधी आहे. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी तिथं हात जोडलेत. 1657 साली पुरंदरावर शंभूराजे जन्मले. त्यानंतर राणीसाहेबांची तब्येत खालावत गेली आणि 1659 साली राजगडावर त्या गेल्या. बाळाला दूध पाजलं ते आपल्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या धाराऊंनी. गडावरच्या राणीची ही गत, मग खाली वाडीवस्तीवर बाळंतपणात किती जणी गेल्या असतील? त्यांच्या समाध्या कुणी बांधल्या नाहीत.

आज आम्ही ऑपरेशनचा इतिहास सांगणार आहोत. तो आपल्याच मुलखातून सुरू करू.

दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठी शेतकरी होता. इंग्रजी कागदात त्याचं नाव कावसजी असं लिहिलंय. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढं पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं माप घेतलं, मग कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. 1794 साली लंडनच्या मासिकात ती हकिकत छापून आली आणि 1814 साली लंडनच्या एका डॉक्टरनं त्याच रीतीनं नाक बसवलं.

म्हणजे हातात कसब आपल्याकडं होतंच. मग ऑपरेशन म्हटलं की लोक का भ्यायचे? कारण कसबाच्या जोडीला लागणाऱ्या तीन गोष्टी तेव्हा जगात कुठंच नव्हत्या.

पहिली गोष्ट भूल. 1846 साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ईथर हुंगवून रोग्याला गुंगी आणली आणि सगळ्यांसमोर ऑपरेशन करून दाखवलं. त्याआधी रोग्याला चार माणसं धरून ठेवायची.

दुसरी गोष्ट स्वच्छता. ऑपरेशन नीट व्हायचं, पण जखम चिघळून माणूस जायचा. 1867 साली लिस्टर नावाच्या डॉक्टरनं दाखवून दिलं की जखम आणि हत्यारं औषधानं जंतूमुक्त ठेवली तर माणूस वाचतो. त्याच साली पुण्यात ससून रुग्णालय उभं राहिलं.

तिसरी गोष्ट रक्त. एकाचं रक्त दुसऱ्याला का चालत नाही, हे कळलं 1901 साली, कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले तेव्हा. सिझर करताना बाईचं रक्त गेलं तर ते भरून काढायची वाट तिथून उघडली.

यात बायकांची एक अडचण वेगळीच होती. पुरुष डॉक्टरसमोर जायचं कसं? पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं. त्या अमेरिकेला गेल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, 1887 मध्ये, पुण्यातच त्यांनी डोळे मिटले. वय बावीससुद्धा पुरं नव्हतं.

शहरात दवाखाने झाले, पण आपल्या डोंगरात ते यायला फार वेळ लागला. आशाताईंच्या प्रशिक्षणात 'भोर समिती' हे नाव ऐकलं की आपल्याला वाटतं, आपल्या भोरचीच. तसं नाही. सर जोसेफ भोर त्या समितीचे अध्यक्ष होते, म्हणून ते नाव. 1946 साली समितीनं सांगितलं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये आणि दवाखाना लोकांच्या जवळ असावा. 1948 साली भोर संस्थान विलीन झालं. 1952 पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली. तरी केळदसारख्या टोकाच्या गावातून आजारी माणूस खाली आणायचा म्हणजे बांबूला घोंगडी बांधून झोळी करायची आणि खांदे बदलत चालायचं, हे आमच्या सासवा सांगतात.

आज वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, ग्रामीण रुग्णालय आहे आणि भोरला उपजिल्हा रुग्णालय. सरकारी रचना साधारण अशी असते. प्राथमिक केंद्रात साधं बाळंतपण, लहान जखमेचे टाके आणि ठरलेल्या दिवशी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात आणि त्याहून मोठ्या उपजिल्हा रुग्णालयात सिझर, हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स अशी ऑपरेशनं व्हावीत, ही अपेक्षा. त्याच्या वर औंधचं जिल्हा रुग्णालय आणि ससून.

'व्हावीत' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आमच्या गटातल्या एकीच्या सुनेला कळा सुरू झाल्या, बाळ अडलं. आम्ही तिला घेऊन एका रुग्णालयात पोचलो. डॉक्टरीणबाई होत्या, टेबल होतं, हत्यारं उकळून ठेवलेली होती. भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. पोरीला तशीच पुण्याला हलवली. देवाच्या दयेनं दोघं वाचले, पण गाडीत तिचा हात धरून बसलेल्या सासूचा चेहरा आम्ही विसरलो नाही. त्या रात्री आम्हाला कळलं की इमारत आणि डॉक्टर म्हणजे ऑपरेशन नव्हे. भूल, स्वच्छता आणि रक्त, या तिन्ही गोष्टी एका छपराखाली, एका वेळी हव्यात. इतिहासानं जे शिकवलं तेच आपण दारात उभं राहून विचारायचं.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. 2019 ते 2021 च्या सरकारी पाहणीत देशात लग्न झालेल्या शंभर बायकांमागं सुमारे 38 जणींचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्यानं करून घेतलं अशी जोडपी हजारात तीन. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन सोपं. पोट उघडावं लागत नाही, तेवढ्या जागेपुरती भूल पुरते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करून घ्यायची.

उलटही घडतं. अंग बाहेर येतं, लघवी धरवत नाही, हे बायका दहा-दहा वर्षं लपवतात. त्यावर इलाज आहे, तो सांगायला लाजू नये. आणि कुणी घाईनं 'पिशवी काढून टाका' म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नये. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बहिणींच्या पिशव्या इतक्या काढल्या गेल्या की 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

आता हक्काचं. 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सिझर दोन्ही मोफत आहे. त्यात औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडीही आली. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. मोठ्या ऑपरेशनला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जायचं आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र कुठं बसतात ते विचारायचं. तातडीला 108 नंबर.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान याच्यासाठी ठेवा. गावात सातवा महिना लागलेल्या किती जणी आहेत? आपल्या जवळच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात? रक्ताची सोय तिथं आहे की बाहेरून आणावं लागतं? आशाताईंना बरोबर घेऊन दोघी जणी जा, विचारा, लिहून आणा. भूलतज्ज्ञ नसतील तर ग्रामसभेत मांडा आणि ठरावावर सह्या घ्या.

पालला गेलात तर समाधीवर फूल वाहा. आणि येताना रुग्णालयाच्या दारात थांबून तेवढं विचारून या.